अणुबॅटरी आणि चोरसेल

१९९७ साल होतं आणि मी चोपन्न वर्षांचा होतो. त्या वयात माणसाने शर्त लावू नये. मी लावली, आणि तीही मीटरच्या एका सुईवर.

इथल्या मराठी मंडळाच्या चिटणीस बाई घरी येऊन म्हणाल्या, "काका, दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाचे अनुभव लिहा. थोडं प्रेरणादायी लिहा हं." प्रेरणादायी लिहायला आपल्यात बँकेतले लोक आहेत. दरवर्षी त्यांच्या बदल्या वाचतो मी. झाशीहून बरेली, बरेलीहून लखनऊ, आणि जातील तिथला मॅनेजर देवमाणूस. माझी बदली कधी झाली नाही. मी वर्ध्याहून एकदाच निघालो आणि इथे लखनऊला येऊन राहिलो. शिक्षण चौथी. ऱ्हस्व-दीर्घ बाईंनी बघून घ्यावं, पण मजकुराला हात लावू नये. नातवाला पहिलं पान वाचून दाखवलं तर तो म्हणतो, "नानाजी, इतना ग़ुस्सा क्यों?" त्याला म्हटलं, हा राग नाही, हिशेबही नाही, जे झालं ते आहे.

माझं काम मॉडेलं बनवण्याचं. इथल्या महानगर मोहल्ल्यात, कपूरथला बाजाराच्या मागच्या गल्लीत सक्सेनाजींचं वर्कशॉप होतं. शाळा, कॉलेजं, सरकारी खाती यांना विज्ञान प्रदर्शनात ठेवायला चालती मॉडेलं लागतात, ती आम्ही करून द्यायचो. धरण, पवनचक्की, ज्वालामुखी, माणसाचं हृदय, जे सांगाल ते. मी पत्रा कापायचो, प्लायवूड ठोकायचो, झाळायचो, वायरिंग करायचो, रंग मारायचो. सगळं झालं की वरून काचेची पेटी बसवायची. काच बसली म्हणजे मॉडेल तयार, हा आमच्याकडचा कायदा. काचेत ठेवली की पत्र्याची वस्तूही दागिन्यासारखी दिसते आणि पोरांचे हात लागत नाहीत.

आता बाहेरच्यांना ठाऊक नसलेली गोष्ट सांगतो. प्रदर्शनात तुम्ही बघता त्यातलं निम्म्याहून जास्त खोटं असतं. पवनचक्की फिरते आणि दिवा लागतो, तो पवनचक्कीने नाही लागत. टेबलावरच्या चादरीखाली एक बॅटरीचा सेल लपवलेला असतो. त्याला आम्ही चोरसेल म्हणायचो. एकदा एका कॉलेजसाठी धरण केलं होतं. पाणी पडतं, चाक फिरतं, खालच्या गावात दिवे लागतात. उद्घाटनाच्या दिवशी चाकात झाडाची काडी अडकली आणि चाक बंद पडलं. गावातले दिवे लखलखीत चालू. परीक्षक म्हणून आलेले दोन प्रोफेसर समोर उभे होते. दोघांनीही मान डोलावली आणि पहिलं बक्षीस दिलं. मी मागे उभा राहून काडीकडे बघत होतो. तेव्हापासून परीक्षक या प्राण्याबद्दल मला जे वाटतं ते अजून तसंच आहे.

तरी मी चोरसेल लावतच होतो. धंदा म्हणून. मग ही अणुबॅटरी आली.

त्या साली परदेशातून शनी ग्रहाकडे एक यान निघालं होतं. त्यात अणूवर चालणारी बॅटरी आहे म्हणून तिकडचे लोक पाट्या घेऊन रस्त्यावर उतरले होते, आणि इकडच्या वर्तमानपत्रांत रोज त्याची चर्चा. त्यामुळे दिवाळीनंतर अलीगंजच्या एका शाळेच्या हॉलात जे सरकारी प्रदर्शन भरणार होतं, त्याच्या दुबे साहेबांना एकदम सुचलं की आपल्याकडेही उपग्रहाच्या अणुबॅटरीचं चालतं मॉडेल पाहिजे. मंत्री येणार होते. मंत्री येणार असले की साहेब लोकांना फार सुचतं.

नकाशा काढून दिला त्रिपाठी मास्तरांनी. हे निवृत्त झालेले फिजिक्सचे मास्तर, सक्सेनाजींचे शेजारी. सज्जन माणूस, पण समोरच्याला कळलं की नाही हे न बघता बोलत राहायचे. मी त्यांना थांबवून थांबवून विचारलं.

"मास्तरजी, उपग्रहाला उन्हावर वीज करणाऱ्या काचा असतात ना? मग अणू कशाला?"

"मिस्त्रीजी, शनि पर धूप कितनी पहुँचेगी? नाम भर की. वहाँ काँच लगाओ तो खेत जितनी लगानी पड़े."

जवळच्या उपग्रहांवरही अणू लावला होता म्हणे, रशियाने. पृथ्वीच्या अगदी जवळून फिरणारे, समुद्रावरची जहाजं हुडकणारे. त्यांना वीज फार लागायची, आणि एवढ्या खाली मोठ्या काचा पसरल्या तर तिथल्या विरळ हवेलाही त्या अडतात आणि उपग्रह लवकर पडतो. म्हणून आत चक्क लहानशी अणुभट्टी. त्यातला एक कॅनडात कोसळला आणि बर्फातून त्याचे तुकडे शोधत लोक हिंडले. हे ऐकून मी म्हणालो, चांगलं केलं, आभाळात भट्टी टांगली आणि खाली माणसं राहतात हे विसरले.

पण आपल्याला बनवायची होती ती दुसरी, बॅटरीवाली. तिच्यात भट्टी नाही. एक धातू असतो, तो आपला आपण गरम राहतो. विस्तव नाही, तेल नाही. वर्षानुवर्षं गरम. त्याच्याभोवती दोन जातींच्या तारा जोडून लावायच्या. जोडाचं एक टोक गरम धातूकडे, दुसरं बाहेर थंडीकडे. तेवढ्यावर तारेतून वीज वाहते. बाहेरून पत्र्याचे पंख, पंख्याच्या पात्यांसारखे नाहीत, मोटरसायकलच्या इंजिनाला असतात तसे. फिरणारा भाग एकही नाही.

"बंद कसं करतात?" मी विचारलं.

"बंद नहीं होता."

"स्विच?"

"स्विच है ही नहीं, मिस्त्रीजी. धीरे-धीरे कमज़ोर होता है, बस."

ज्याला स्विच नाही ते कसलं यंत्र, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणालो. मास्तर हसले. पण घरी जाताना सायकलवर माझ्या डोक्यात ते फिरत राहिलं. जिथे माणूस नाही, मिस्त्री नाही, कोणी बघणारं नाही, तिथे ते वीज देत बसणार. आणि तिथे चादर घालायला टेबल नाही, खाली चोरसेल ठेवायला जागा नाही. मी ठरवलं की हे एक मॉडेल खरं करायचं.

अणूच्या जागी मी इस्त्रीचं एलिमेंट बसवलं, तिच्या कटआउटसकट. कटआउट म्हणजे इस्त्री ठरल्यापेक्षा जास्त तापू न देणारी कळ. भोवती मास्तरांनी आणून दिलेल्या तारा, एक लोखंडाची, एक दुसऱ्या कसल्या मिश्र धातूची. एकेक जोड गॅसवर वितळवून जोडला. बाहेर अॅल्युमिनियमचे पंख, काळा रंग दिलेले. वर शोभेला उपग्रहाची पत्र्याची छत्री, अँटेनाची. मीटर मास्तरांचा, कॉलेजातला जुना. वर्कशॉपात एलिमेंट लावलं आणि सुई सरकत सरकत पाऊण पट्टी चढली. तारांच्या जोडांवर नुसत्या गरमीने. माझ्या उभ्या आयुष्यात मी बनवलेली ही पहिली खरी वस्तू, असं मला वाटलं. कोणाला सांगितलं नाही.

सक्सेनाजींनी चष्मा सावरून सुई बघितली. "और बल्ब?"

"बल्ब लागणार नाही. एवढी वीज नाही यात. सुई हलते ना."

"मिस्त्रीजी, सुई कौन देखता है? मंत्रीजी आएँगे. बल्ब जलना चाहिए. नीचे एक सेल रख दीजिए."

"याला नाही."

"आज तक रखते आए हैं, आज कौन-सी क़सम खा ली?"

सक्सेनाजी वाईट माणूस नव्हता. कधी आवाज चढवला नाही, कधी "आप" सोडलं नाही. पण लबाडी इतक्या अदबीने करायचा की ती लबाडी आहे हे त्याचं त्यालाच आठवायचं नाही. मी तिथेच शर्त सांगितली. सुईच्या पट्टीवर तुमच्या हाताने लाल खूण करा. मंत्री येऊन जाईपर्यंत सुई त्या खुणेच्या वर राहिली, तर यापुढे या वर्कशॉपातून एकही चोरसेल बाहेर जाणार नाही. खाली आली तर मी जाईन.

"अरे, आप कहाँ जाएँगे?" ते म्हणाले आणि हसत हसत पट्टीच्या मध्यावर रंगाची लाल रेघ ओढली.

घरी बायकोला, इंदूला सांगितलं. ती कणीक मळत होती, हात थांबले. "काहून लावली? चोपन्न वर्षाच्या माणसाले कोण ठेवते कामावर? तुमच्याजवळ कागद आहे का एखादा, शिकल्याचा?"

"सुई पडणार नाही."

"सुई नाही पडली तरी तुम्ही दुसरं काही काढसाल," ती म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली.

मास्तर नातीच्या लग्नाला कानपूरला गेले. मॉडेल मी हातगाडीवर अलीगंजला नेलं आणि हॉलात मांडलं. शेजारी पाटी लावली: "भीतर परमाणु नहीं, इस्तरी का एलिमेंट है." दुबे साहेब आले ते लांबच थांबले.

"इसमें असली तो कुछ नहीं है?"

"असली असतं तर तुम्ही मला हातगाडीवरून आणू दिलं असतं का, साहेब?"

त्यांना ते पटलं, पण सहा फूट सोडून पुढे काही आले नाहीत. मग म्हणाले, ती पाटी काढा. एलिमेंट वाचून लोकांचा रस जातो. आणि अणू आहे म्हटल्यावर चारी बाजूंनी बंद दिसलं पाहिजे, काच पक्की लावा, कडेने पिवळी-काळी पट्टी मारा. पाटीवरून मी वाद घातला आणि हरलो. काचेवर वाद घातला नाही. काच तर मी बसवणारच होतो. पेटी मीच कापली होती, मीच स्क्रूने आवळली. मास्तरांच्या नकाशात काच नव्हती, पण नकाशात काच कोणीच काढत नाही.

अकराला येणारे मंत्री दोन वाजता आले. तोवर लोकांना आत सोडलं होतं. पिवळी-काळी पट्टी बघून एका बाईने पोराचं नाक पदराने झाकलं. एक गृहस्थ, चांगले पँट-शर्टवाले, मला बाजूला घेऊन विचारतात, "भाई साहब, पास खड़े होने से बाल तो नहीं झड़ते?" त्यांच्या डोक्यावर झडायला फारसं काही नव्हतं. एक पत्रकार लिहून घेत होता की सुरक्षेची काय व्यवस्था आहे. मी म्हणालो, शाळेचा फ्यूज आहे. त्याने तेही लिहून घेतलं.

आणि सुई उतरायला लागली.

आधी वाटलं, करंट कमी येतोय. मग सुई लाल रेघेपाशी आली. मी मागच्या बाजूला पेटीबाहेर काढलेली कटआउटची कळ पुढे सरकवली, गरमी वाढवली. सुई जरा उचलली आणि पुन्हा खाली. आणखी वाढवली. काच हाताला भाजायला लागली, पंखांचा रंग वास मारायला लागला, आणि सुई रेघेच्या खाली गेली ती गेलीच. जेवढा विस्तव वाढवावा तेवढी ती लोळायची. इतक्या वर्षांत कुठल्या यंत्राने माझा असा अपमान केला नव्हता. मी काचेवर हात ठेवून उभा होतो, जसं काही धरून ठेवल्याने ती थांबणार होती.

तेवढ्यात मंत्री आले, हार घातलेले. आणि काचेच्या आत, माझ्या पंखांच्या वर, एक बल्ब पेटला.

तो बल्ब मी लावलेला नव्हता. उपग्रहाच्या छत्रीच्या टोकाला रंगवलेल्या बोंडात तो होता. आदल्या संध्याकाळी मी चहाला गेलो असताना सक्सेनाजींनी स्वतः बसवला असणार. चादरीखालची कळ दाबताना त्यांचा बूट हलला, तेवढं मला दिसलं.

"तो ये बिना तेल, बिना धूप के जल रहा है?" मंत्र्यांनी विचारलं.

"जी, बरसों-बरस जलेगा," दुबे साहेब म्हणाले.

टाळ्या झाल्या. सुईकडे बघणारे हॉलात दोघेच होते, मी आणि सक्सेनाजी. त्यांनी सुई बघितली, मग मला बघितलं आणि नजर वळवली. एवढं त्यांच्या बाजूने सांगतो, की ते त्या वेळी हसले नाहीत. मंत्री गेल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "छोड़िए मिस्त्रीजी. शर्त-वर्त बच्चों का काम है. कल दुकान पर बात करेंगे."

"उद्या मी दुकानावर नाही," मी म्हणालो.

त्या दिवसाचं प्रदर्शन बंद व्हायच्या वेळेला इंदू आली. तिला ती शनीवाली बॅटरी बघायची होती आणि मला घरी न्यायचं होतं. कुठलं कारण पहिलं ते मी विचारलं नाही. हॉल रिकामा होता, शाळेचा चौकीदार खुर्च्या लावत होता. मीटर मास्तरांचा होता, तो काढून परत द्यायचा म्हणून मी काचेचे स्क्रू काढले आणि पेटी उचलली. भट्टीचं दार उघडावं तशी झळ तोंडावर आली. एलिमेंट अजून चालूच होतं. मीटर हाताला लागेना इतका तापला होता. निवू दे म्हणून मी बाकावर बसलो. इंदूने थर्मासमधला चहा ओतला. सुई, बल्ब, सक्सेनाजींचं बोलणं, मी तिला सगळं सांगितलं. वर छताचा पंखा फिरत होता.

"सुई उठून राह्यली हो," इंदू म्हणाली.

मी बघितलं. सुई हलत होती. मी काही केलं नव्हतं. चहा निवायच्या आत ती लाल रेघेवर आली आणि रेघ सोडून पुढे गेली.

तेव्हा मला कळलं. ही गरमीवर चालणारी वस्तू नव्हती. आत गरम आणि बाहेर थंड, या दोहोंमधल्या फरकावर ती चालते. आतली गरमी कटआउटने बांधलेली होती. काचेत कोंडल्यावर बाहेरचे पंखही तापले, फरक संपला, सुई पडली. आणि मी काय करत होतो, तर विस्तव वाढवत होतो. तो धातू, ज्याच्या नावाने सगळी दुनिया घाबरते, तो अर्धीच बॅटरी आहे. उरलेली अर्धी म्हणजे वरची थंडी. ती थंडी फुकट आहे, कधी सरत नाही आणि तिची कुठे चर्चा होत नाही. पाट्या घेऊन फिरणारे अणूबद्दल बोलतात, यान सोडणारे अणूबद्दल बोलतात, दुबे साहेबांनी तर अणू आहे म्हणून काच आवळायला लावली. आणि मी ती आवळली, कारण आमच्यात काच लावतात.

"मंग जिंकले ना तुम्ही?" इंदू म्हणाली.

"नाही. मंत्री गेल्यावर उठली ती."

"सक्सेनाजी काही म्हणणार नाहीत. ते तर या म्हणून राह्यले."

"मी बोललोय ना."

तिने थर्मासचं झाकण लावलं. "इस्त्रीले कटआउट आहे," ती म्हणाली, "तुमच्या तोंडाले काहून नाही बसवलं?"

पण ती लगेच उठली नाही. सुई थांबली तिथे थांबेपर्यंत आम्ही दोघं बसून होतो. चौकीदाराने दिवे मालवायला सुरुवात केली तेव्हा मी एलिमेंट बंद केलं. मीटर काढला नाही. म्हटलं, प्रदर्शन संपेपर्यंत राहू दे. काच भिंतीला टेकवून ठेवली. बल्ब तसाच पेटलेला होता. त्याची कळ सक्सेनाजींची, ती मला शोधायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारं उघडायच्या आधी मी हॉलवर गेलो. कोणीतरी काच पुन्हा बसवलेली होती. बल्ब विझला होता. दुबे साहेब धावत आले, आज तर शिक्षण खात्याचे लोक येणार होते.

"मिस्त्री, बल्ब फ्यूज़ हो गया. जल्दी बदलो."

"बल्ब चांगला आहे. सेल संपला."

"कौन-सा सेल?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. साहेब काल मंत्र्यांना जे सांगत होते ते मनापासून सांगत होते. मी वाकलो, चादर वर केली, सेल काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. रात्रभर पेटून मेलेला, टॉर्चमध्ये घालतात तसला. ते त्याच्याकडे बघत राहिले.

"बरसों-बरस जलेगा म्हणालात ना, ते याच्याबद्दल नाही," मी म्हणालो. "ते या सुईबद्दल."

मग मी स्क्रू काढले, काचेची पेटी उतरवली आणि एलिमेंट लावलं. माझी पाटी टेबलामागे पडली होती, ती पुसून परत जागेवर लावली. दुबे साहेब आता सहा फुटांवर नव्हते, माझ्या खांद्याजवळ उभे होते. आम्ही दोघांनी सुई लाल रेघेच्या वर जाईपर्यंत वाट बघितली. वर्कशॉपची किल्ली मी त्यांच्याकडे दिली, सक्सेनाजींना द्या म्हणालो.

काचेची पेटी मी घेऊन निघालो. ती तिथे ठेवली असती तर दुपारपर्यंत कोणीतरी पुन्हा बसवली असती. सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधली आणि निशातगंजच्या घराकडे निघालो. वर्कशॉप वाटेतच लागतं. सक्सेनाजी दारात उभे होते, त्यांनी हात वर केला. मी घंटी वाजवली आणि पेडल मारत पुढे गेलो.